फिलिपिन्सच्या विद्यार्थ्याचे नववर्ष

फिलिपिन्समधील लोकरीतींत मला विशेष कौतुक वाटते ते तेथील वर्षारंभाच्या रात्रीचे. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री 'मेदिया नोचे' या स्पॅनिश अमदानीपासून चालत आलेल्या भोजनास सारे कुटुंब जमते. मेजावर बारा महिन्यांची बारा वाटोळी फळे, अंगावर ठिपक्यांचे कपडे आणि खिशात खुळखुळणारी नाणी, कारण वाटोळेपण हे समृद्धीचे चिन्ह. आणि बाराचा ठोका पडताच, उंची वाढावी या श्रद्धेने, शाळकरी मुले कर्ण्यांच्या गजरात जागच्या जागी उड्या मारू लागतात. (वाढीचा दाखला अर्थात कोणी मागत नाही!) शाळा आपल्याप्रमाणेच जूनमध्ये सुरू होत असल्याने वर्ष नवे, इयत्ता मात्र जुनीच राहते.

परंतु चिंतनशील विद्यार्थ्याला अंतर्मुख करणारा दिवस याच्या आदल्याच दिवशी येतो. ३० डिसेंबर १८९६ रोजी स्पॅनिश सरकारच्या हुकमाने फिलिपिनो कादंबरीकार होसे रिझाल यांना मनिलात गोळ्या घालण्यात आल्या, आणि १९५६च्या कायद्याने त्यांचे चरित्र व कादंबऱ्या तेथील शिक्षणसंस्थांत सक्तीच्या झाल्या. जिज्ञासूंनी त्यांची 'नोली मे तांगेरे' ही १८८७ची कादंबरी अवश्य वाचावी.