हजार लिंक की एकच चांगली? गुगलमध्ये वर येण्याचं गणित

ईअरफोन लावलेत ना? आजचा विषय जरा खिशाशी संबंधित आहे.

तुमची स्वतःची किंवा घरच्या धंद्याची वेबसाइट असेल, तर असा एखादा मेसेज आलाच असेल: ‘हजार बॅकलिंक्स, फक्त पाचशे रुपयांत, गुगलवर पहिला नंबर!’ बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी वेबसाइटवरून तुमच्या वेबसाइटकडे येणारी लिंक. आता पाचशे रुपये म्हणजे दोन पिझ्झांचे पैसे, करून बघू, असं वाटतं. थांबा. आधी त्या हजार लिंक्सची खरी किंमत काढू.

००:५० | लिंकला एवढा भाव का?

सुरुवातीची सर्च इंजिनं मुख्यतः पानावरचे शब्द बघायची. मग ज्याने स्वतःच्या पानावर ‘उत्तम हॉटेल’ पन्नास वेळा लिहिलं, तो वर. म्हणजे आपल्याच तोंडाने आपली स्तुती!

१९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी पेजरँक नावाची पद्धत जगासमोर मांडली. कल्पना संशोधनाच्या जगातली होती. ज्या शोधनिबंधाचा दाखला इतर संशोधक देतात, तो महत्त्वाचा. तसंच, ज्या पानाकडे इतर पानं बोट दाखवतात, ते पान महत्त्वाचं.

पण नुसती बोटं मोजायची नाहीत, बोट कोण दाखवतंय तेही बघायचं. लग्नाचं स्थळ आलं की आपल्याकडे चौकशी करतात ना, अगदी तसं. मुलाबद्दल त्याच्या शाळेतल्या बाई चांगलं बोलल्या, तर त्याला वजन आहे. नाक्यावरच्या अनोळखी वीस जणांनी ‘हो हो, चांगलाय’ म्हटलं, तर त्याला काय अर्थ?

पेजरँकमध्ये आणखी एक मुद्दा आहे. पानाचं वजन त्यावरच्या सगळ्या लिंक्समध्ये वाटलं जातं. समजा एका पानाचं वजन १० आहे. त्यावर ५ लिंक्स असतील, तर प्रत्येकीच्या वाट्याला ढोबळमानाने २ येतात. त्याच पानावर ५०० लिंक्स कोंबल्या, तर वाट्याला येतात ०.०२. स्वस्तात विकल्या जाणाऱ्या लिंक्स बऱ्याचदा अशाच गर्दीच्या पानांवर असतात. त्या पानांचं स्वतःचं वजनही नगण्य, आणि त्यात वाटेकरी शेकड्याने.

०२:३० | जे. सी. पेनीची गोष्ट

आता एक खरीखुरी घटना. जे. सी. पेनी ही अमेरिकेतली मोठी, जुनी दुकानसाखळी. २०१० च्या अखेरीस, ऐन सणांच्या खरेदीत, गुगलवर ‘ड्रेसेस’ शोधा, ‘बेडिंग’ शोधा, वर हीच कंपनी. ‘सॅमसोनाइट’च्या बॅगा शोधल्या, तरी खुद्द सॅमसोनाइटच्याही वर पेनी!

न्यूयॉर्क टाइम्सने या प्रकरणाचा माग काढला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये बातमी छापली. कपड्यांशी काडीचा संबंध नसलेल्या शेकडो वेबसाइट्सवर पेनीच्या लिंक्स पेरलेल्या होत्या. कुठे कॅसिनोची साइट, कुठे बल्गेरियातल्या जागा-घरांची. आणि लिंकचे शब्द काय? ‘इव्हनिंग ड्रेसेस’, ‘लिटल ब्लॅक ड्रेस’. लिंकच्या या क्लिक होणाऱ्या शब्दांना अँकर टेक्स्ट म्हणतात. समोरचं पान कशाबद्दल आहे, हे गुगल त्यावरूनही ताडतं. म्हणून तेच तेच शब्द मुद्दाम वापरले होते.

प्रकरण समोर आल्यावर गुगलने हाताने कारवाई केली. काही तासांत सॅमसोनाइटच्या शोधात पेनी पहिल्या नंबरवरून ७१ व्या नंबरवर! या लिंक्स आम्ही लावायला सांगितल्या नव्हत्या, असं कंपनीने सांगितलं आणि सर्चचं काम बघणाऱ्या एजन्सीला काढून टाकलं. पण एजन्सी बदलली म्हणून नंबर परत येत नाही. घसरली ती पेनीची वेबसाइट.

०४:०० | मग गुगलने काय केलं?

प्रत्येक वेळी वर्तमानपत्राची वाट बघून कसं चालेल? २४ एप्रिल २०१२ ला गुगलने एक अपडेट आणलं, नाव पेंग्विन. बनावट लिंक्सच्या जोरावर वर आलेल्या साइट्स त्याने खाली ढकलल्या. इंग्रजीतल्या सुमारे ३.१ टक्के सर्चवर परिणाम होईल, असं गुगलनेच सांगितलं होतं.

सप्टेंबर २०१६ मध्ये पेंग्विन गुगलच्या मुख्य अल्गोरिदमचा भाग झाला आणि पद्धतही बदलली. अख्खी साइट खाली ओढण्याऐवजी फालतू लिंक मोजायचीच नाही, यावर भर आला. म्हणजे आज तुम्ही हजार लिंक्स विकत घेतल्या, तर बहुतेकदा काय होईल? काहीच नाही! पाचशे रुपये पाण्यात. आणि गुगलच्या माणसांच्या नजरेत आलं, तर हाताने होणारी कारवाई अजूनही आहेच.

जाहिरात म्हणून पैसे देऊन लिंक लावणं चूक नाही हं. फक्त त्या लिंकच्या कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ असं लेबल लावायचं. माणसं क्लिक करून येतील, पण ती लिंक शिफारस म्हणून धरू नये, हे गुगलला कळतं.

०५:१५ | चांगली लिंक ओळखायची कशी?

समजा तुमच्या दादाचा तारकर्लीला होमस्टे आहे. मालवणच्या स्कूबा डायव्हिंगवर लिहिणाऱ्या एखाद्या ब्लॉगरने ‘आम्ही इथे राहिलो’ म्हणून लिंक दिली, तर ती सोनं. विषय जुळतो, वाचणारी माणसं खरी आहेत आणि लिंक त्याने आपणहून दिली आहे. उलट परदेशातल्या कॅसिनोच्या पानावर तळाशी ‘बेस्ट होमस्टे तारकर्ली’ लिहिलेलं असेल, तर कुणालाही कळेल की इथे पाणी मुरतंय.

म्हणून प्रत्येक लिंकला एकच प्रश्न विचारा: गुगल नसतंच, तरी ही लिंक इथे असती का? उत्तर ‘हो’ असेल, तर लिंक चांगली.

मग पाचशे रुपयांचं काय करायचं? पाहुण्यांना खरोखर लागणारं एक पान बनवा. कुडाळ स्टेशनहून कसं यायचं, पावसाळ्यात काय बंद असतं, जवळ एटीएम कुठे आहे, फोटोंसकट. असं पान लोक आपणहून शेअर करतात. वेळ लागतो, पण त्या लिंक्स टिकतात.

आणि आज एक काम नक्की करा. गुगल सर्च कन्सोल फुकट आहे. त्यात ‘लिंक्स’ नावाचा रिपोर्ट उघडा आणि तुमच्याकडे कोण बोट दाखवतंय ते बघा. कुणी आधीच तुमच्या नावाने लिंक्स विकत घेऊन ठेवल्या असतील, तर त्याही तिथे दिसू शकतात. काही अडलं तर प्रश्न पाठवा, पुढच्या भागात घेऊ. तोवर ऐकत राहा, आणि तो ‘पहिला नंबर’वाला मेसेज डिलीट करून टाका!