फुटपाथवरची शिरगणती

जनगणनेच्या लेखी बेघर कोण? छप्पर असलेल्या घरात जो राहत नाही, तो. असा माणूस कुठे सापडेल, हेही प्रगणकांना सांगितलेलं असतं: रस्त्याकडेला, फुटपाथवर, ह्यूम पाइपात, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात, रेल्वे फलाटावर. ज्यानं कुणी ही यादी केली त्यानं शहर पायी पाहिलं असणार, एरवी ह्यूम पाइप कुणाला आठवतो? २८ फेब्रुवारी २०११च्या रात्री ही माणसं मोजली गेली. देशात १७.७३ लाख भरली, त्यातली २.१० लाख महाराष्ट्रात. दहा वर्षांपूर्वी देशाचा आकडा १९.४३ लाख होता. म्हणजे तो घटला, पण नुसती शहरं पाहिली तर ७.७८ लाखांवरून ९.३८ लाखांवर गेला.

हे आकडे एका रात्रीचे आहेत. त्या रात्री जो हमाल माल उतरवायला बाजारात होता, जी बाई अंगावर हात पडू नये म्हणून उजेडापासून लांब आडोशाला निजली होती, ते यात आहेत की नाहीत, कोण सांगणार? शिवाय भिंतीला टेकवलेले चार बांबू आणि वर ताडपत्री, याला छप्पर म्हणायचं का? म्हटलं तर ते कुटुंब बेघरांतून बाद.

मुंबईत फुटपाथवर राहणाऱ्यांचा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वीच ऐरणीवर आला होता. १९८१च्या पावसाळ्यात मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फुटपाथवाल्यांना हटवून आपापल्या गावी पाठवायचं फर्मान काढलं. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर काही जण कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निकाल जुलै १९८५मध्ये आला, सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या लेखणीतून. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं त्यात म्हटलं आहे. कायद्याचे विद्यार्थी हे वाक्य आजही घोकतात. फुटपाथवाल्यांच्या पदरात मात्र निराळंच पडलं: फुटपाथ अडवून राहण्याचा हक्क कुणाला नाही, पालिका रीतसर हटवू शकते, फक्त ३१ ऑक्टोबरपर्यंत, पावसाळा सरेपर्यंत थांबा.

त्या मुदतीच्या सावलीत ‘स्पार्क’ या नव्या संस्थेनं भायखळ्याच्या आसपासच्या फुटपाथवर शिरगणती केली. सुमारे ६,००० कुटुंबं मोजली आणि अहवालाला नाव दिलं ‘वी, द इन्व्हिजिबल’, आम्ही न दिसणारे. संस्था वर्षभराची, साधनं तुटपुंजी, पण प्रश्न नेमके विचारले होते: कुठून आलात, किती वर्षं झाली, काय करता, कामावर कसे जाता? उत्तरांनी साहेबलोकांची समजूत पार मोडीत काढली. हे भिकारी नव्हते, काल गाडीतून उतरलेलेही नव्हते. हातगाडी ओढणारे, बिगारी, धुणीभांडी करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या अशी ही कमावती माणसं होती, आणि पुष्कळांची मुलं त्याच फुटपाथवर जन्मलेली. कामावर जायची ती चालत. फुटपाथ परवडायचा तो याच हिशेबानं: भाडं नाही आणि गाडीखर्चही नाही.

मला या अभ्यासाचं मोल वाटतं ते पुढच्या घडामोडींमुळे. मोजणी झालेल्या बायकांनीच ‘महिला मिलन’ उभं केलं आणि बचतीचे गट चालवले. मुंबईत जागाच नाही, असं सरकारी उत्तर आलं तेव्हा त्या शहरभर हिंडल्या आणि विकास आराखड्यात घरांसाठी राखलेल्या मोकळ्या जागा स्वतःच्या डोळ्यांनी बघून आल्या. आपल्याला हव्या त्या घराचा नमुनाही त्यांनी उभा केला: एकच खोली, पण उंच, वर पोटमाळा काढता येईल अशी. पुढे १९९५च्या पुनर्वसन धोरणात झोपडीवाल्यांच्या बरोबरीनं फुटपाथवालेही घराला पात्र ठरले. काही कुटुंबं मानखुर्दच्या मिलन नगरात पक्क्या घरात गेली. तिथे दार आलं, नळ आला, आणि भायखळ्याच्या कामासाठी लोकलचा पासही आला.

पश्चिमेकडे याच सुमारास वेगळा घोळ चालू होता. तिथला रस्त्यावरचा माणूस बहुधा एकटा, मानसिक आजाराचा किंवा व्यसनाचा. आधी दारू सोड, औषधं घे, निवाऱ्यात शिस्तीनं राहून दाखव, मग घर, अशी शिडी लावलेली असे. बहुतेक जण पहिल्या-दुसऱ्या पायरीवरूनच कोसळत. न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी १९९२मध्ये शिडी उलटी केली: किल्ली आधी हातात द्यायची, बाकीचं नंतर, तेही त्याची इच्छा असेल तर. कॅनडानं २००९पासून पाच शहरांत दोन हजारांहून अधिक बेघरांवर याची रीतसर परीक्षा घेतली. कुणाला घर, कुणाला नेहमीच्या सेवा, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. अभ्यासाच्या शेवटच्या सहा महिन्यांत पहिल्या गटातले ६२ टक्के सलग घरात होते, दुसऱ्यातले ३१ टक्के. पैसे वाचतात असाही गाजावाजा झाला, पण खर्चाहून जास्त बचत झाली ती फक्त इस्पितळ आणि तुरुंगाच्या सतत फेऱ्या मारणाऱ्या सर्वांत खर्चिक दहा टक्क्यांत. व्यसनं सुटण्यात तर दोन्ही गटांत फारसा फरक पडला नाही. किल्ली मिळाली म्हणून दारू सुटत नाही, पण दारू सुटेपर्यंत किल्ली अडवून ठेवण्याला काही अर्थ उरला नाही. फिनलंडनं २००८पासून रात्रनिवारेच मोडून त्यांच्या सदनिका केल्या.

आपण अजून निवाऱ्याच्या पायरीशी आहोत. शहराच्या दर लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक कायम निवारा, हा दंडक २०१०च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयातल्या सुनावण्यांतून पुढे आला आणि मग केंद्राच्या योजनेत उतरला. सव्वा कोटीच्या मुंबईला त्या हिशेबानं सव्वाशे निवारे हवेत. शहर त्याच्या जवळपासही पोचलेलं नाही. आणि पोचलं असतं तरी हातगाडीवाला गाडी कुठे लावणार? निवारा बहुधा पुरुषांचा वेगळा, बायकांचा वेगळा. नवरा एका खाटेवर, बायको दुसऱ्या इमारतीत, आणि स्टोव्ह, भांडी, पत्र्याची पेटी रस्त्यावर, अशी रात्र कोण निवडेल? आजारी, एकट्या, घरातून हाकललेल्या म्हाताऱ्या माणसासाठी निवारा हवाच, तिथे वाद नाही. भायखळ्याच्या कुटुंबाला मात्र हवी होती कामापासून चालत जाण्याच्या अंतरावर, थोड्या भाड्याची एक खोली. भाड्याच्या स्वस्त खोल्या बांधणं आपल्या शहरांनी केव्हाच सोडून दिलं. फुकट मालकीचं घर द्यायचं, तेही ठरावीक तारखेआधीचा पुरावा असेल तरच. १ जानेवारी १९९५, मग २०००. ज्याचं चंबूगबाळं पालिकेची गाडी दर दोन महिन्यांनी उचलून नेते, त्यानं पुरावा ठेवायचा कशात?

पुढच्या जनगणनेची संदर्भ-तारीख १ मार्च २०२७ आहे. प्रगणक पुन्हा फलाटावर आणि पुलाखाली जातील, झोपलेल्याला हलवून नाव विचारतील. तो कामावर कसा जातो, हेही तेवढ्यात विचारून घेता आलं तर बघावं.