निपाणीचा तंबाखू, दिल्लीतला सोमवार

निपाणीच्या तंबाखूवर दिल्लीची नजर पडली ती दुसऱ्या महायुद्धात. लढाईसाठी पैसा हवा होता, म्हणून १९४३ साली सरकारने तंबाखूवर उत्पादन शुल्क बसवलं. पुढच्याच वर्षी ते मिठासकट इतर मालाबरोबर एका मोठ्या कायद्यात जाऊन बसलं. तोवर इथल्या शेतकऱ्याची गाठ तलाठ्याशी आणि सावकाराशी पडायची. आता एक्साइजचा इन्स्पेक्टर येऊ लागला. कुणी किती रानात लावण केली, किती पाला निघाला, किती वजन वखारीत गेलं, सगळं वहीत चढू लागलं. शुल्क भरल्याचा कागद किंवा परवाना नसेल तर स्वतःच्याच रानातला माल हलवायची सोय राहिली नाही.

गंमत अशी, की १ नोव्हेंबर १९५६ला राज्य पुनर्रचनेत निपाणी, बेळगाव, खानापूर हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. कचेऱ्या बदलल्या, पाट्यांवरची भाषा बदलू लागली, माणसांची मनं कडवट झाली. एक्साइज मात्र होतं तिथंच राहिलं, कारण ते ना मुंबईचं होतं ना म्हैसूरचं. त्याचा मालक दिल्लीत बसत होता आणि त्याला जाब विचारायची जागाही दिल्लीतच होती.

तो मालक म्हणजे केंद्रीय अर्थमंत्री. योगायोगाची गोष्ट, सीमाभागाचं भवितव्य ठरत होतं तेव्हा या खुर्चीवर एक मराठी माणूस होता. चिंतामणराव देशमुख १९५० पासून अर्थमंत्री होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आकड्यांत पक्के, संस्कृतात रमणारे आणि लोकसभेत कुलाब्याचे प्रतिनिधी. वारसाहक्काने येणाऱ्या मालमत्तेवर कर लावणारा १९५३चा इस्टेट ड्युटी कायदा त्यांच्याच कारकिर्दीतला. संसदेत करांवरच्या प्रश्नांना उत्तरं देण्यात हयात घालवू शकला असता असा हा माणूस जुलै १९५६ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडला, आणि तोही कराच्या मुद्द्यावर नव्हे. मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय मंत्रिमंडळाला न विचारता घेतला गेला आणि मुंबईतल्या गोळीबाराची चौकशी नाकारली गेली, ही त्यांची तक्रार होती. ती त्यांनी लोकसभेत उभं राहून सांगितली. अर्थमंत्री एरवी सभागृहात उत्तर देतो. त्या दिवशी अर्थमंत्रिपद सोडलेल्या माणसाने सभागृहासमोर पंतप्रधानांनाच सवाल केला.

अर्थमंत्र्याने उत्तर द्यायचं का आणि कुणाला? राज्यघटनेच्या २६५व्या कलमात याचं मूळ आहे. कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर लावता येत नाही की वसूल करता येत नाही. म्हणजे वखारीच्या दारात उभ्या असलेल्या इन्स्पेक्टरच्या हातातल्या कागदामागे लोकसभेची संमती असावी लागते. अर्थविधेयक मंजूर करून घेताना ही संमती एकदा मिळते. पण वर्षभर तिचा हिशेब मागायची जागा म्हणजे प्रश्नोत्तरांचा तास.

लोकसभेत हा तास सकाळी अकराला सुरू होतो. खात्यांचे वार ठरलेले असतात. अलीकडच्या अधिवेशनांत अर्थखात्याचा वार लोकसभेत सोमवार, राज्यसभेत मंगळवार. खासदाराला निदान पंधरा दिवस आधी प्रश्न लिहून द्यावा लागतो, आणि कुणाचा प्रश्न आधी हे चिठ्ठीने ठरतं. लोकसभेत दिवसाला वीस प्रश्न तारांकित असतात. त्यांची उत्तरं तोंडी मिळतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. २३० प्रश्न अतारांकित असतात आणि त्यांची फक्त लेखी उत्तरं मिळतात. विसांतले पाच-सहा प्रश्न झाले की बारा वाजतात. उरलेल्या तारांकितांची उत्तरंही मग कागदावरच राहतात. खरी कसोटी उपप्रश्नाची. पहिलं उत्तर अधिकाऱ्यांनी लिहून दिलेलं असतं. उपप्रश्न अचानक येतो, तेव्हा मंत्र्याला आपलं खातं किती माहीत आहे ते कळतं.

१९५७ साली याच कसोटीने एका अर्थमंत्र्याची खुर्ची धोक्यात आणली. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या कंपन्यांचे शेअर का घेतले, असा प्रश्न लोकसभेत आला. टी. टी. कृष्णम्माचारींच्या उत्तराने फिरोज गांधींचं समाधान झालं नाही. ते खुद्द सत्ताधारी काँग्रेसचे आणि पंतप्रधानांचे जावई, पण त्यांनी पिच्छा सोडला नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींना जावं लागलं.

असे दिवस विरळच. एरवी उत्तराची एक ठरीव भाषा असते आणि ती वाचायला शिकावं लागतं. ‘असा कोणताही प्रस्ताव विचाराधीन नाही’ याचा अर्थ नाही. ‘माहिती गोळा करून सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल’ याचा अर्थ आज नाही. ‘बाब विचाराधीन आहे’ हे वाक्य मात्र मंत्र्याला अडकवतं, कारण संसदेच्या नियमांत ते आश्वासन समजलं जातं. सरकारी आश्वासनांवर नजर ठेवणारी एक समिती असते आणि तीन महिन्यांत ते पुरं करावं अशी अपेक्षा असते. म्हणून मुरलेले अधिकारी ते वाक्य टाळतात.

निपाणीच्या नशिबी एक मोठं उत्तर न विचारता आलं. २८ फेब्रुवारी १९७९ला जनता सरकारचे अर्थमंत्री चरणसिंग यांनी अर्थसंकल्प मांडला. शेतकऱ्यांचा नेता अशी त्यांची ओळख होती आणि अर्थसंकल्पही तसाच होता. कच्च्या तंबाखूवरचं उत्पादन शुल्क त्यांनी सरसकट काढून टाकलं आणि वसुली तयार मालाकडे वळवली. छत्तीस वर्षांनी इन्स्पेक्टरची वही मिटली. शेतकऱ्यामागचा जाच गेला, यात शंका नाही.

पण भाव?

कर गेला म्हणजे तेवढा पैसा शेतकऱ्याच्या पदरात पडेल, असं दिल्लीतल्या हिशेबात दिसतं. निपाणीत भाव ठरत होता तो व्यापाऱ्याच्या वखारीत. तंबाखू मंडळ १९७६ पासून कामाला लागलं होतं, पण त्याचं लक्ष सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूवर, म्हणजे आंध्रातल्या आणि म्हैसूरकडच्या शेतकऱ्यांवर. निपाणीचा विडीचा तंबाखू त्याच्या कक्षेबाहेर राहिला. एकाच राज्यात म्हैसूरच्या शेतकऱ्यामागे मंडळ होतं आणि निपाणीच्या शेतकऱ्यापुढे फक्त व्यापाऱ्याचा शब्द. वर्षाचं पीक वखारीत पोचल्यावर घासाघीस करायला त्याच्या हातात काही उरत नसे.

शुल्क उठल्याला दोन वर्षं होतात न होतात तोच, १४ मार्च १९८१ला तंबाखू उत्पादक पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले. शरद जोशी आणि निपाणीचे सुभाष जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं, बायाबापड्या आणि बैलगाड्यांसकट तीन आठवड्यांहून अधिक काळ रस्त्यावर राहिली. मागणी होती भावाची. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि बारा शेतकरी प्राणाला मुकले. मुख्यमंत्री होते आर. गुंडुराव. सीमाभागात मराठी विरुद्ध कन्नड ही मांडणी सर्वांच्या सवयीची आहे. त्या रस्त्यावर दोन्ही भाषांचे शेतकरी मांडीला मांडी लावून बसले होते, हे आवर्जून सांगायला हवं.

त्याच सुमारास वखारींच्या आत दुसरी हालचाल चालू होती. तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या, धुळीत दिवस काढणाऱ्या बायका संघटित होत होत्या. ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला. वखारीतल्या त्या बाईपर्यंत चरणसिंगांचं औदार्य पोचण्याचा रस्ताच नव्हता, आणि तिच्या वतीने अर्थमंत्र्याला नेमकं काय विचारायचं हेही कुणी ठरवलं नव्हतं.

विडीचं दुखणं असं की ती तीन मंत्रालयांत वाटली गेली आहे. वळणारी बाई कामगार खात्याकडे, ओढणाऱ्याची छाती आरोग्य खात्याकडे आणि विडीवरचा कर अर्थखात्याकडे. आरोग्याच्या काळजीने एक खासदार विचारतो, विडीवरचा कर सिगारेटच्या मानाने इतका कमी का? दुसऱ्याच्या मतदारसंघात घरोघर विड्या वळल्या जातात. तो विचारतो, कर वाढवून बायकांच्या पोटावर पाय का देता? दोघंही खरं बोलत असतात. त्यामुळे दोघांनाही ‘सर्व बाबींचा समतोल विचार करून’ असं एकच उत्तर देता येतं, आणि अर्थमंत्र्यांना ते फार सोयीचं पडतं.

यातला एक धागा निपाणीने तरी विसरू नये. १९७६ मध्ये संसदेने विडी कामगारांसाठी दोन कायदे केले. एकाने उपकर घ्यायचा, जो पुढे हजार विड्यांमागे काही पैसे असा झाला, दुसऱ्याने त्यातून कल्याण निधी उभारायचा. त्या निधीतून कामगारांसाठी दवाखाने चालत, मुलांना शिष्यवृत्त्या मिळत, घरकुलांना मदत होई. मजुरी हजारी, तसा उपकरही हजारी; वळणारीला आपल्या हक्काचा माग काढता येण्याजोगा हा हिशेब होता. जीएसटी आणताना छोटे-मोठे उपकर मोडीत काढायचे ठरलं. अरुण जेटली अर्थमंत्री असताना २०१७ साली करकायद्यांत दुरुस्ती करणारा कायदा झाला आणि १ जुलैपासून विडीचा उपकर संपला. विडी २८ टक्क्यांच्या गटात गेली. योजना बंद झाल्या नाहीत, त्यांना सर्वसाधारण अर्थसंकल्पातून पैसे मिळतात, असं उत्तर सरकारकडून येतं आणि ते खोटं नाही. पण नावाचा डबा असणं आणि घरच्या सामाईक डब्यातून मागून घेणं यातला फरक कोणत्याही सुनेला विचारावा.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने दर पुन्हा हलवले. विडी २८ वरून १८ टक्क्यांवर, तेंदूपान १८ वरून ५ वर आणि सिगारेट, गुटखा ४० वर न्यायचं ठरलं. जीएसटीबरोबर लावलेला भरपाई उपकर संपल्यावर तंबाखूवरचा एकूण भार उतरू नये म्हणून निर्मला सीतारामन यांनी १ डिसेंबरला लोकसभेत केंद्रीय उत्पादन शुल्क दुरुस्ती विधेयक मांडलं. त्याच आठवड्यात दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं. १९४३ साली सुरू झालेली गोष्ट अशी फिरून उत्पादन शुल्काच्या कोष्टकापाशी आली. रानातल्या पाल्यापुरतं सांगायचं तर शेतकऱ्याकडून घेतलेल्या तंबाखूच्या पानावरचा ५ टक्के जीएसटी शेतकऱ्याने नव्हे, खरेदीदाराने भरायचा असतो. मात्र तो भाव ठरवताना कुणाच्या वाट्यातून वजा होतो, हे कोणत्याच कोष्टकात लिहिलेलं नसतं.

दिल्ली लांब, पण बेळगावकरांच्या दारातही वर्षातून काही दिवस एक अर्थमंत्री उत्तरं द्यायला येतो. हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं. ११ ऑक्टोबर २०१२ला या इमारतीचं उद्घाटन प्रणव मुखर्जींनी केलं. ते तेव्हा राष्ट्रपती होते, पण त्याच वर्षीच्या जूनपर्यंत अर्थमंत्री म्हणून संसदेत उत्तरं देत होते. कर्नाटकात मुख्यमंत्र्याने अर्थखातं स्वतःकडे ठेवण्याची रीत आहे. सिद्धरामय्या यांनी मार्च २०२५ मध्ये आपला सोळावा अर्थसंकल्प मांडला. जीएसटीनंतर राज्याच्या अर्थमंत्र्याच्या हातात स्वतःहून हलवता येण्याजोगे मोठे कर थोडेच उरले. त्यातला एक इंधनावरचा विक्रीकर. जून २०२४ मध्ये कर्नाटकाने तो पेट्रोलवर २५.९२ वरून २९.८४ टक्के केला आणि लिटरमागे तीन रुपये वाढले.

पेट्रोल जीएसटीत का आणत नाही, हा प्रश्न दिल्लीत वरचेवर विचारला जातो. उत्तर ठरलेलं, परिषदेने अजून तशी शिफारस केलेली नाही. परिषदेत दोन तृतीयांश मतं राज्यांची आणि एक तृतीयांश केंद्राची. ठराव व्हायला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे दिल्लीचा अर्थमंत्री राज्यांकडे बोट दाखवतो, राज्याचा अर्थमंत्री दिल्लीकडे, आणि दोघंही एकाच टेबलाभोवती बसलेले असतात. कायदेशीरदृष्ट्या दोघांचंही उत्तर बिनचूक असतं.

सीमेवरच्या माणसाने या घोळातून आपल्यापुरता मार्ग काढला आहे. वाढीनंतरही कर्नाटकातलं पेट्रोल महाराष्ट्राहून स्वस्तच राहिलं. कोल्हापूरहून निघालेला माणूस कागलला काटा खाली गेलेला पाहतो, गाडी तशीच पुढे दामटतो, कोगनोळी ओलांडतो आणि निपाणीकडच्या पंपावर केए-२३च्या रांगेत आपली एमएच-०९ लावून म्हणतो, ‘टाकी फुल्ल करा.’