खाड्याच्या दिवसाचे काय?

१४ एप्रिल उलटला म्हणजे जयंतीचा हंगाम संपत नाही, खऱ्या अर्थाने तो तेव्हा सुरू होतो. खेड्यापाड्यांतील वस्त्या आपापल्या सोयीने मे अखेरपर्यंत जयंत्या साजऱ्या करतात. या दीड महिन्याच्या कमाईवर भीमगीतांच्या गायन पार्ट्यांचे वर्ष निघते. स्टेजवरची रात्र सगळा समाज पाहतो. दोन कार्यक्रमांच्या मधला खाडा मात्र कोणाच्या हिशेबात नसतो.

गेल्या एप्रिलच्या अखेरीस कोर्टाच्या तारखेसाठी आम्ही एका तालुक्याच्या गावी गेलो होतो. तेथे बुद्धविहाराच्या ओट्यावर मुंबईची एक पार्टी उतरलेली दिसली. आठ माणसे, एक जीप. काल रात्री जालना जिल्ह्यात कार्यक्रम, उद्या हिंगोलीकडे. मधल्या एका दिवसात मुंबईला जाऊन येणे परवडत नाही. ढोलकीवाला दोऱ्या ताणीत होता, गायिका हापशावर साड्या धूत होती, मुख्य गायक मिठाच्या पाण्याने गुळण्या करीत होते.

‘‘वकीलसाहेब, खाड्यालाही आठ तोंडे जेवतात,’’ ते म्हणाले.

आदल्या रात्री दहाला पोलिसांनी माईक बंद केला होता. कार्यक्रम अर्धा झाला, म्हणून मंडळाने बिदागीही अर्धीच दिली. त्याच मंडळाने मिरवणुकीच्या डीजेला पूर्ण रक्कम आधीच मोजली होती! आता, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालचा आहे. ठरावीक दिवशी बारापर्यंत सवलत मिळते, पण पोलिसांची परवानगी काढायची कोणी? मंडळानेच ना? मग कार्यक्रम उशिरा सुरू केल्याचा दंड गायकाने का भरावा? १८७२ च्या करार कायद्यानुसार तोंडी करारही करारच असतो. फक्त तो सिद्ध करता करता गायकाचे चार हंगाम जातील.

वामनदादा कर्डक (१९२२-२००४) गावोगाव फिरले तेव्हा कार्यकर्त्याचे घर हाच त्यांचा मुक्काम होता. पाहुणचारात बिदागीची उणीव झाकली जाई. (ती उणीव होतीच, हे आपण सोयीने विसरतो.) आज घरे पक्की झाली आणि पार्टी ओट्यावर आली.

आम्ही तेथेच वहीच्या पानावर कराराचा मसुदा केला. इसार किती, उरलेली रक्कम स्टेजवर चढण्यापूर्वी, परवानगीची जबाबदारी मंडळाची, वाटेत खाडा पडल्यास त्या दिवसाचे जेवण व मुक्काम दोन्ही मंडळांनी मिळून द्यावा. वाचून दाखवला. साड्या वाळत घालून आलेल्या गायिकाताई म्हणाल्या, ‘‘दादा, बायांसाठी आतून कडी लागणारी खोली आणि संडास, एवढं लिहा.’’

आम्हाला ते सुचले नव्हते. ते कलम आम्ही पहिल्या क्रमांकावर घेतले.