कॅप्टन नेमो कोण होता?

रिकामी घागर विहिरीत सोडली तर ती तरंगते. आत पाणी शिरले की बुडते. पाणबुडी याच युक्तीने चालते. पाणबुडी म्हणजे पाण्याखालून जाणारे जहाज. तिच्या टाक्यांत समुद्राचे पाणी घेतले की ती खाली जाते. ते बाहेर लोटले की वर येते.

आज पाणबुडीचे कुणाला नवल नाही. पण एका पाणबुडीची कादंबरी लोक दीडशे वर्षे आवडीने वाचत आहेत. फ्रान्स देशातले लेखक ज्यूल व्हर्न यांनी ती लिहिली. १८६९ साली ती मासिकातून येऊ लागली आणि १८७० साली पुरी झाली. तिचे नाव 'समुद्राखाली वीस हजार लीग'. या गोष्टीत एक लीग म्हणजे चार किलोमीटर. काहींना वाटते, ही समुद्राची खोली. छे! समुद्र इतका खोल नाही. ही प्रवासाची लांबी आहे.

त्या काळीही पाणबुड्या होत्या, पण लहान आणि मंद. व्हर्न यांची 'नॉटिलस' मात्र ७० मीटर लांब. चालायची विजेवर. घरात विजेचे दिवे लागायला अजून दहा वर्षे अवकाश होता, बघा! शिवाय आत बारा हजार पुस्तके. आम्हाला हेच फार आवडते.

गोष्टीत चुकाही आहेत. नॉटिलस बर्फाखालून थेट दक्षिण ध्रुवाशी पोचते. खरे तर तो ध्रुव समुद्रापासून फार आत, जमिनीवर आहे. तरी वाचक पुस्तक सोडत नाहीत. का? तर कॅप्टन नेमोमुळे.

नेमो हा नॉटिलसचा मालक. त्याने जमीन कायमची सोडलेली. लॅटिन भाषेत नेमो म्हणजे 'कुणी नाही'. तो देवमाणूस नव्हे. सुडापायी जहाज बुडवतो. पण सिलोनजवळ, म्हणजे आजच्या श्रीलंकेजवळ, मोती काढणाऱ्या एका गरीब हिंदी माणसावर मोठा मासा धावतो. तेव्हा हाच नेमो सुरी घेऊन मध्ये पडतो. मग त्या गरिबाला मोत्यांची पिशवी देतो. वर सांगतो की, हा माणूस दडपलेल्या देशातला आहे आणि मीही त्याच देशाचा.

शाळेत शेवटच्या तासाला आम्ही ही गोष्ट सांगत असू. इथे आलो की पोरे विचारीत, "गुरुजी, मग हा कोण होता?" आम्ही म्हणायचो, "उद्या." घंटा झाली तरी कुणी उठत नसे.

व्हर्न यांच्या मनात आधी तो पोलंडचा होता. पोलंडवर तेव्हा रशियाची सत्ता. रशियात पुस्तक खपणार नाही, अशी प्रकाशकाला धास्ती. म्हणून नेमोचा देश झाकूनच ठेवला. पुढे १८७४-७५ साली 'गूढ बेट' ही दुसरी कादंबरी आली. तिच्यात उलगडा झाला. नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर! १८५७ साली तो इंग्रजांशी लढला. त्यात त्याची बायकामुले गेली. मग मोजके साथीदार घेऊन त्याने नॉटिलस बांधली.

आता गंमत ऐका. त्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर झाले, तेव्हा इंग्रजांना झोंबणारा मजकूर बदलून टाकला. कितीतरी वर्षे इंग्रजी वाचकांना नेमोचे खरे बोलणे कळलेच नाही.

नॉटिलसचे नाव मात्र टिकले. अमेरिकेने १९५४ साली पाण्यात सोडलेल्या अणुशक्तीच्या पाणबुडीचे नाव नॉटिलसच. १९५८ साली ती उत्तर ध्रुवाच्या बर्फाखालून गेली. तिथे खाली समुद्र आहे, म्हणून जमले.

मराठीत भा. रा. भागवतांनी व्हर्न यांच्या गोष्टी आणल्या. आमच्याकडेही नेमोचे एक मराठी पुस्तक होते. परवा बाजारात एक जुना विद्यार्थी भेटला. आता आजोबा झालाय. म्हणाला, "गुरुजी, नातवाला नेमोचं पुस्तक पाहिजे. तुमच्याकडं आहे का?" आम्ही म्हटले, "अरे, ते तूच नेलंस ना सातवीत असताना!"