सुवासाचा धंदा आणि हाताची मजुरी

परळीला वैजनाथाच्या दर्शनास जाणारा माणूस देवळाच्या वाटेवर बेल, फुले आणि उदबत्तीचा पुडा घेतो. अंबाजोगाईस योगेश्वरीच्या देवळाशी तेच, कपिलधारला मन्मथस्वामींच्या यात्रेत तेच. आणि बीड शहरात शहेंशाहवली दर्ग्यावर लोबान आणि अत्तर. तेव्हा आपल्या जिल्ह्यात सुवासाला गिऱ्हाईक नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. पण तो पुडा उलटून पाठीमागचा बारीक मजकूर वाचावा. पत्ता बहुधा बंगळूरचा किंवा म्हैसूरचा निघतो. हल्ली उदबत्तीच्या जोडीला सुगंधी मेणबत्तीही आली आहे. काचेच्या पेल्यात ओतलेली, मोगऱ्याच्या किंवा चंदनाच्या वासाची ही मेणबत्ती दिवाळीच्या भेटीत आणि लग्नाच्या आहेरात दिली जाते. बचत गटांच्या बायकांसाठी तिचे वर्ग निघतात, चार दिवसांत वर्ग संपतो, प्रमाणपत्र हाती पडते, आणि मग बाई विचारते, "आता हे विकायचं कुठं?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी हा धंदा आतून कसा आहे आणि त्यातला पैसा कोणत्या टप्प्यावर कोणाच्या हाती राहतो, ते पाहिले पाहिजे. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमची नजर वासाआधी मजुरीकडे जाते, एवढे आधीच सांगून ठेवतो.

पहिल्यांदा एक गैरसमज दूर करू. सुगंध तयार करणे ही परदेशी किंवा परप्रांती विद्या आहे, आपल्याला फक्त काड्या वळता येतात, असा समज आपल्याकडे आहे. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त, म्हणजे सहाव्या शतकात, गंधयुक्तीचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. सोळा द्रव्यांतून कोणतीही चार निवडायची ठरविली तर 1820 प्रकार होतात, असा हिशेब त्यात मांडला आहे. गणित जाणणाऱ्याने तो ताडून पाहावा, बरोबर येतो. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात धूप आणि गंध यांची चर्चा आहे, आणि आपला मराठवाडा त्या राज्यातच होता. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील संशोधक प. कृ. गोडे यांनी 'गंधसार' आणि 'गंधवाद' ही दोन जुनी पुस्तके उजेडात आणली. त्यांपैकी 'गंधवादा'वर चक्क मराठी टीका आहे. म्हणजे कोणत्या द्रव्यात काय मिसळावे हे कोणीतरी कोणाला तरी मराठीत समजावून सांगत होते. अक्कल आपल्याकडे नव्हती असे नाही. ती आज कोणाच्या कोठीत कुलूपबंद आहे, एवढाच प्रश्न आहे.

आता उदबत्ती कशी होते ते पाहू. बांबूची बारीक काडी, कोळशाची पूड, लाकडाचा भुसा, आणि जिगट. जिगट म्हणजे मैदालकडी नावाच्या झाडाच्या सालीची पूड. ती पाण्यात कालवली की चिकट होते आणि कोळशाला काडीवर धरून ठेवते. हे सारे कणकेसारखे मळायचे, पाटावर काडी ठेवून तळहाताने वळायचे, आणि सावलीत वाळवायचे. इथपर्यंत जी वस्तू तयार होते तिला व्यापारी 'कच्ची बत्ती' म्हणतात. तिला काही वास नसतो. ती पुढे सुगंधी तेलात बुडवतात, पुन्हा वाळवतात, पुड्यात भरतात, आणि पुड्यावर नाव छापतात. मसाला बत्तीची तऱ्हा निराळी. तिच्या पिठातच सुगंधी द्रव्ये असतात. पण बाजारात खपणाऱ्या स्वस्त मालापैकी पुष्कळ माल बुडवून केलेला असतो.

आता कामाची वाटणी पाहावी. वळणारी बाई घरी बसून वळते. माल ठेकेदाराचा, दर हजारी. हात काळे, नाकात कोळसा, मान आणि मनगट संध्याकाळपर्यंत दुखून येते. घरातल्या पोरी शाळेतून आल्या की काड्या मोजतात. त्यांच्या मोजणीचे पैसे कोणीच धरत नाही. वजनात कमी भरले, काडी मोडली, बत्ती वाकडी वळली, की 'छाट' म्हणून कापले जाते. आणि ती छाट ठेकेदार फेकून देतो असे मात्र नाही. सुगंध ज्या खोलीत मिसळला जातो तेथे वळणारीस प्रवेश नसतो. तेलाचे प्रमाण मालकाच्या किंवा त्याच्या विश्वासू माणसाच्या डोक्यात असते. एका पुड्यात काडी, कोळसा, जिगट आणि वळणावळ यांची किंमत थोडी. मोठी किंमत वासाची, पुड्याची, नावाची आणि दुकानदाराच्या वाट्याची. श्रम सर्वांत जास्त जेथे, दाम सर्वांत कमी तेथे.

विडी कामगारांत वावरलेल्यांना यात नवे काही वाटणार नाही. पण विडीच्या बाबतीत एक गोष्ट झाली. 1966 साली विडी व सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि घरी बसून विड्या वळणारी बाईसुद्धा कामगार आहे, हे त्याने मान्य केले. 1976 मध्ये कल्याणनिधीचा कायदा आला. (आता 1966 चा कायदा 2020 च्या नव्या संहितांत विलीन केला गेला आहे, त्याबद्दल आमचे जे म्हणणे आहे ते येथे मांडण्याचे स्थळ नव्हे.) उदबत्ती वळणारीला असा स्वतंत्र कायदा कधी मिळाला नाही. कर्नाटकात अगरबत्तीच्या धंद्याला किमान वेतनाच्या अनुसूचीत जागा मिळाली, एवढे खरे. घरकामगारांविषयीचा 177 क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार जिनिव्हास 1996 साली झाला, त्यास भारताने मान्यता दिलेली नाही.

आपल्या जिल्ह्यात हा विषय केवळ फुरसतीच्या उद्योगाचा नाही. दरवर्षी दसरा-दिवाळी झाली की कोयता निघतो. नवरा-बायको मिळून एक कोयता; मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत साखर कारखान्याच्या फडात राहायचे, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचे. बाईला गावातच पोटापुरते काम मिळाले तर ती थांबेल, लेकरू शाळेत राहील, म्हणून मेणबत्त्या आणि उदबत्त्या शिकवा, असे सांगितले जाते. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण जो धंदा कोयत्याची जागा घेणार म्हणता, त्यात उचल आणि मुकादम नव्या नावाने आत शिरत नाहीत ना, हे पाहायला नको काय? काड्या-कोळसा उधारीवर देऊन हजारी दराने बत्ती परत घेणारा माणूस मुकादमाचाच चुलतभाऊ होय.

हंगामाचाही विचार हवा, आणि तो वर्गात कोणी सांगत नाही. मेणबत्तीचे साधे पॅराफिन मेण पन्नास-साठ अंशांच्या आसपास वितळते, पण मऊ त्याआधीच पडते. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिसाच्या वर जातो आणि पत्र्याखालची खोली त्याहून तापते. तेथे ठेवलेली बत्ती मान टाकते. पेल्यातल्या मेणाला घाम येतो, म्हणजे सुगंधी तेल वर सुटते. म्हणून आपल्या भागात मेणबत्तीचे दिवस भाद्रपदापासून माघापर्यंतचे. नेमके हेच दिवस फडाचे! उलट उदबत्ती पावसाळ्यात वाळत नाही, बुरशी धरते. तिला फाल्गुन ते ज्येष्ठ हा काळ चांगला, आणि तेव्हा बायका गावात परतलेल्या असतात. ज्या गटाला दोन्ही करायचे आहे त्याने उन्हाळ्यात बत्ती वळून श्रावणासाठी साठवावी आणि मेणाला गणपतीनंतर हात घालावा. मात्र मेणाच्या भरवशावर कोयता थांबवायचा असेल, तर दिवाळीची मागणी आधी पदरात असली पाहिजे. उचल भाद्रपदातच दारात येऊन उभी असते.

मेणबत्तीची कृती सोपी आहे, पण तीत दोन-तीन ठिकाणी माल बिघडतो. मेण कधीही थेट आचेवर ठेवू नये. पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे. मेण पेटले तर पाणी टाकू नये, भडका उडतो. झाकण घालून गुदमरवावे. सुगंध मेणाच्या वजनाच्या शेकडा सहा ते दहा घालतात, आणि मेण विस्तवावरून उतरवून थोडे निवल्यावर. फार तापलेल्या मेणात घातला तर पैसा वाफ होऊन जातो. जास्त घातला तर वास वाढत नाही, तेल सुटते. वात पेल्याच्या रुंदीप्रमाणे घ्यावी: बारीक असली तर मधोमध विहीर पडते आणि कडेचे मेण तसेच राहते, जाड असली तर काजळी धरते. ओतल्यावर आठवडाभर तरी ठेवून मगच विकावी, म्हणजे वास मुरतो. आणि गिऱ्हाइकास खिडकी उघडी ठेवावयास सांगावे. धूर चंदनाचा झाला तरी छातीला तो धूरच.

आता हिशेब. खालचे आकडे उदाहरणासाठी धरले आहेत. ज्याने त्याने आपल्या बाजारचे घालावेत. एक किलो मेणाचे दहा पेले होतात. मेण 160 रुपये, सुगंध 160, काचेचे पेले 250, वाती 20, पेट्या व चिठ्ठ्या 150, गॅस 20, एकूण 760. म्हणजे पेल्यास 76. बाई तो शंभरला विकते आणि चोवीस रुपये सुटले म्हणून समाधान मानते. पण दहांतला एक तडकतो किंवा डागाळतो. नऊ विकले, 900 आले, राहिले 140. वितळविणे, ओतणे, पुसणे, भरणे, बाजारातून सामान आणणे यांत पाच तास गेले असतील, तर तासाला 28 रुपये पडले. आणि तोच माल दुकानात ठेवला, दुकानदाराने शेकडा 30 कापून घेतले, तर नऊ पेल्यांचे 630 हाती येतात. 760 चा माल 630 ला गेला! बाईने पाच तास राबून वर 130 रुपये घातले, आणि तिला ते कळतही नाही, कारण पैसा थोडाथोडा येत असतो आणि सामान उधारीचे असते. म्हणून किंमत ठरविताना आपली मजुरी खर्चात धरावी, नफ्यात नव्हे. शेजारीण दहा रुपये कमी घेते म्हणून आपणही कमी करणे म्हणजे दोघींनी मिळून आपली मजुरी गिऱ्हाइकाला दान करणे होय.

हिशेबात न दिसणारी एक गोष्ट राहिली. 8 डिसेंबर 2023 रोजी पिंपरी-चिंचवडजवळ तळवडे येथे मेणबत्तीच्या एका छोट्या कारखान्यात आग लागली. वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या ठिणग्या उडवणाऱ्या बत्त्या तेथे होत होत्या. दहापेक्षा अधिक जीव गेले, आणि त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. तेथे ज्वालाग्राही दारू होती, घरच्या पेल्यात ती नसते, हे खरे. पण अरुंद खोली, एकच दार, साठवलेला माल आणि मजुरी बुडेल म्हणून न उठणारी बाई, या चार गोष्टी घरातही असतात. ठिणगीच्या बत्तीचे काम कोणी घरी आणून देऊ लागला तर ते घेऊ नये, मग दर काहीही असो.

विकण्याचे मार्ग कोणते? 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तीच पुढे लिज्जत झाली. पापड सगळेच लाटत होते. त्यांनी वेगळे केले ते हे की पीठ एका जागी भिजवले, नाव एक ठेवले, आणि लाटणारीलाच मालकीण केले. पिठाचे प्रमाण त्यांच्याच हाती राहिले. महाबळेश्वरला भावेश भाटिया या अंध गृहस्थांनी मुंबईस अंधांच्या राष्ट्रीय संस्थेत मेणबत्तीचे काम शिकून, बाजारात स्वतः विकत विकत धंदा उभारला आणि पुढे अनेक अंधांना त्यात घेतले. अहमदाबादेस इला भट्ट यांनी 1972 मध्ये 'सेवा' ही संघटना नोंदवायला नेली, तेव्हा अधिकाऱ्यांनी विचारले, मालक कोण? मालक नाही तर संघटना कोणाविरुद्ध? त्यांचे उत्तर असे की संघटना कोणाविरुद्ध नसते, कामगारांसाठी असते. नोंदणी झाली.

आपल्याकडे करता येण्यासारखे आहे ते एवढेच की दहा-वीस गटांनी सुगंधाची खरेदी एकत्र करावी, प्रमाण आपल्या वहीत लिहून ठेवावे, आणि पुड्यावर एक नाव घ्यावे. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा बाहेरच्यांना बीडचे नाव घ्यावे लागले. मानांकन बत्तीला लगेच मिळणार नाही. पण परळीस श्रावणात आणि महाशिवरात्रीस, अंबाजोगाईस नवरात्रात आणि मार्गशीर्षात, स्वतःच्या नावाचे दुकान मांडायला कोणाच्या शिक्क्याची गरज नाही. उटण्याचा मोह पुष्कळांना होतो, नागरमोथा, वाळा, आंबेहळद, गव्हला-कचोरा सारे ओळखीचे. पण अंगाला लावायची वस्तू विक्रीसाठी तयार करावयास 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो, हे जाणून उतरावे. उदबत्ती-मेणबत्तीला तो लागत नाही. त्यांच्या वेष्टनावर मात्र 2011 च्या नियमांप्रमाणे करणाऱ्याचे नाव-पत्ता, नग किंवा वजन, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीचा पत्ता छापावा लागतो.

कच्च्या मालाची स्थितीही बदलली आहे. चीन आणि व्हिएतनाममधून येणाऱ्या कच्च्या बत्तीने वळणाऱ्यांचे दर पाडले होते; ऑगस्ट 2019 मध्ये आयातीवर निर्बंध आले आणि जून 2020 मध्ये बांबूच्या काड्यांवरचा आयातकर शेकडा 10 वरून 25 झाला. 2017 पासून शेतातला बांबू कायद्याने 'झाड' राहिला नाही, त्यामुळे तो तोडण्या-नेण्याची अडचण कमी झाली. काड्या येथेच निघू लागल्या तर एक टप्पा आपल्याकडे येईल.

आणि जोपर्यंत ठेकेदाराचेच काम करावे लागते आहे, तोपर्यंत प्रत्येक वळणारीकडे एक लहान वही असावी. तीत तारीख, मिळालेल्या काड्या व मसाल्याचे वजन, परत दिलेल्या बत्त्या, छाट, आणि मिळालेले पैसे, एवढे रकाने. आणि शेवटच्या रकान्यात ठेकेदाराची सही. तो सही द्यायला कुरकुर करील. एकटीने मागितली तर देणार नाही. गल्लीतल्या साऱ्याजणींनी एकाच दिवशी मागावी. मजुरीचा तंटा कामगार अधिकाऱ्यापुढे गेला तर पहिला प्रश्न असतो, काम केल्याचा पुरावा काय. त्या वेळी ही वही टेबलावर ठेवावी.