श्वासाची काटकसर

वरसे-रोह्याकडील अपघातग्रस्ताला शंभरावर किलोमीटर मुंबईस न्यावयाचे, तर वाटेत हाताने पिशवी दाबून दिलेली हवा नेमकी मोजताच येत नाही. पुढे मेंदू मृत ठरविताना सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी होते. तोवर श्वास यंत्राचा. दानाची फुप्फुसे बिघडतात ती याच काळात. इटली-स्पेनमधील 2010 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोमागे 10-12 ऐवजी 6-8 मिलिलिटर हवा दिली, उच्छ्वासाअखेरचा दाब वाढविला. फुप्फुसे काढता आलेल्या दात्यांचे प्रमाण 27 वरून 54 टक्क्यांवर गेले. यंत्र तेच, रीत निराळी! टोरांटोत विकसित झालेली, शरीराबाहेर फुप्फुसे सुधारण्याची पद्धत मात्र भारी खर्चाची; तिच्या आधी ही बिनखर्ची रीत जिल्हा रुग्णालयांत शिकवावयास कोणाची हरकत आहे?